स्वतःहून सुरू होणारी चौकडी

एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो, माझे विद्यार्थी सुरुवातीसाठी कुणाच्याही तोंडाकडे बघत नाहीत! दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो. वाजवणारी शाळकरी पोरं, पण सुरुवात अशी करतात, की जणू एकाच माणसाला आठ हात असावेत. या प्रकारात समोर काठी हलवणारा कुणी नसतो. पहिलं व्हायोलिन वाजवणाऱ्याने नाकाने श्वास घ्यायचा आणि बाकीच्यांनी त्या श्वासावर तारांवर गज ओढायचा. आमचं पहिलं व्हायोलिन दोन वेण्यांच्या एका खमक्या मुलीकडे आहे. तिला सगळे कप्तान म्हणतात.

हे सगळं मी मुख्याध्यापिकाबाईंना ऐकवलं, कारण बाई आमचा वर्गच बंद करायला निघाल्या होत्या. टेबल टेनिससाठी त्यांना आमची खोली हवी होती.

"तुम्ही हातवारे करता आणि मुलं वाजवतात," बाई म्हणाल्या. "यात ती काय शिकली?"

"बाई, कार्यक्रमात मी प्रेक्षकांत बसेन. बोटसुद्धा हलवणार नाही!"

"मग ठरलं. स्वतःहून वाजवलं तर खोली तुमची."

झालं! नेमकी कार्यक्रमाच्या दिवशी मला सर्दी झाली. मी पहिल्या रांगेत बसलो, शेजारी बायको. पोरं मंचावर तारांवर गज टेकवून सज्ज. बाई माइकवर बोलायला उभ्या राहिल्या.

"आज आपल्या शाळेत..."

मी नाक ओढलं. सुंऽऽक! आणि चौकडी सुरू!

बाईंनी वळून असं काही पाहिलं, की पोरं जागच्या जागी गप्प. बाईंनी पुन्हा सुरुवात केली. माझं नाक पुन्हा वाहिलं, मी पुन्हा ओढलं. पुन्हा चौकडी!

"घाबरलीत पोरं," मी बायकोच्या कानात कुजबुजलो.

"घाबरली कसली? अहो, ती तुमच्या नाकावर वाजवतायत!"

"काहीतरीच बोलू नकोस!"

"वर्गात सुरुवातीला तुम्ही केवढ्याने श्वास घेता! तुम्हाला न्यायला येते ना, तेव्हा मला बाहेर जिन्यात ऐकू येतो."

खरंच की! वर्षभर मी कप्तानच्या मागे उभा राहून श्वास घेत होतो. बाकीचे तर सोडाच, खुद्द कप्तानसुद्धा माझ्याच श्वासाची वाट बघत होती!

बाईंचं भाषण आटोपलं. त्या बाजूला झाल्या आणि मी रुमालाने नाक गच्च दाबून धरलं. मंचावर सामसूम. कप्तान माझ्याकडे टकामका बघतेय.

"घ्या ना श्वास!" बायको म्हणाली.

मी जोरजोरात मान हलवली. स्वतःहून म्हणजे स्वतःहून!

"अहो, चेहरा जांभळा पडला! वर्ग जायच्या आधी तुम्ही जाल!"

शेवटी मी उठलो, तडक बाहेर पळालो, दार लावून घेतलं आणि व्हरांड्यात पोटभर श्वास घेतला. आत अजून सामसूम. मला फार वाईट वाटलं. मधल्या सुट्टीत बाकीची मुलं मैदानावर हुंदडत असताना ही चौघं वर्गात बसून तारा घासत होती. आणि आता माझ्या नाकापायी त्यांची खोली जाणार!

तेवढ्यात आतून सूर आले. चौघांचे, एकदम! इतकी स्वच्छ सुरुवात त्यांनी वर्गातसुद्धा कधी केली नव्हती. मी भिंतीला टेकून ऐकत राहिलो. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते काही सर्दीचं नव्हतं.

कार्यक्रमानंतर बाई स्वतः आल्या. "मानलं तुम्हाला! तुम्ही तर आतसुद्धा नव्हता. खोली तुमची."

घरी जाताना मी फुगून टम्म. "बघितलंस? शेवटी कप्तानने श्वास घेतलाच!"

"कप्तानने?" बायको म्हणाली. "पोरं सुरूच करेनात, म्हणून कार्यक्रम संपला असं सांगायला बाई माइकपाशी गेल्या. बोलण्याआधी त्यांनीच मोठा श्वास घेतला!"

मी रुमाल काढला आणि नाक शिंकरलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात शिरलो, तर कप्तान पुढे आली. "सर, आमचं चौघांचं ठरलंय. पुढच्या कार्यक्रमाला तुम्ही नाही आलात तरी चालेल. बाईंना तेवढं माइकपाशी उभं करा!"