साहेबांच्या खोलीतले तापमान

गोठेवाल्या मावशींच्या पत्राला मी नऊ वर्षे उत्तर दिले नाही. पत्र एका ओळीचे होते. उत्तराचे मसुदे मात्र माझ्याकडे सत्तावीस आहेत. त्यांतले बरेचसे 'आदरणीय' लिहावे की 'प्रिय', इथेच अडले.

मी दुग्धविकास कार्यालयात कारकून होतो. त्या उन्हाळ्यात मावशींचा अर्ज आला. गाय दिवसभर धापा टाकते, चाऱ्याला तोंड लावत नाही, दूध बारा लिटरवरून सहावर आले. अंगावर पाणी मारायला गोठ्यात नळजोडणी मिळावी.

साहेबांनी तापमापक पाहिला. तो त्यांच्याच खोलीत, गार हवेच्या यंत्राखाली टांगलेला असे. सरकारी वस्तू उन्हात खराब होते. आकडा बावीस होता.

"बावीस अंशांत धापा? नाटकं आहेत गायीची. समक्ष हजर करा तिला."

मावशींनी गाय भर दुपारी चालवत आणली. नियमानुसार निरीक्षण तापमापकाजवळच व्हायला हवे, म्हणून गाय तीन दिवस साहेबांच्या खोलीत राहिली आणि साहेब व्हरांड्यात बसले. दुसऱ्या दिवशी उकाड्याने त्यांना चक्कर आली. त्यांची रजा तापमापक न पाहताच मंजूर झाली. गायीने मात्र कोपऱ्यातली कुंडी फस्त केली, धापा थांबवल्या आणि तिसऱ्या दिवशी अकरा लिटर दूध दिले.

रजेवरून परतताच साहेबांनी शेरा सांगितला, मी लिहून घेतला : गाय निरोगी, तक्रार निराधार, नळजोडणी नामंजूर.

"अहो साहेब, गारव्यात देणारच की ती!" मावशी म्हणाल्या. "तुम्हाला तरी व्हरांडा सोसला का? मग तिला कसं ऊन सोसेल?"

"माझी तुलना गायीशी करताय?"

"छे हो! ती दूध तरी देते." मग त्या माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुम्ही तरी सांगा काहीतरी."

मी टाचणी शोधू लागलो. टाचणी समोरच होती.

दहाव्या दिवशी गाय गोठ्यात बसली ती उठली नाही. त्यावर फाइलीत आणखी एक शेरा पडला : दूध घटण्याचा प्रश्न आता उद्भवत नसल्याने प्रकरण निकाली. अक्षर माझेच, सुवाच्य.

आठवड्याने माझ्या नावे पत्र आले. "भाऊ, त्या खोलीत गार होतं की नव्हतं, एवढंच कळवा."

आज अठ्ठाविसावा मसुदा मायना न घालताच पूर्ण केला. 'मावशी, गार होते. मला ठाऊक होते. मलाही एक दिवस त्याच गार खोलीत बसायचे होते.' खाली जुन्या सवयीने लिहिले, 'प्रत माहितीसाठी : त्या उन्हाळ्यात चहात दूध कमी पडले म्हणून कुरकुरलेले, आणि हे पंख्याखाली बसून वाचणारे सर्व.'

मग उन्हातून चालत गेलो आणि पत्र पेटीत टाकले.