आगीच्या चेंडूला पिवळं कार्ड

"तुमचा तो खेळ माझ्या हाती द्या," पंचसाहेब चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "अशी हॉकी करून देतो की लोक पडद्याला हात लावून बघतील, गवत ओलं आहे का म्हणून!"

पंचसाहेब म्हणजे निवृत्त हॉकी पंच. सगळं आयुष्य मैदानावर शिट्टी फुंकण्यात गेलं, आणि निवृत्तीनंतरही ती शिट्टी गळ्यातून काही उतरली नाही. घरात दूध उतू गेलं तरी वाजायची! समोर बसलेली त्यांची सून एका कंपनीत व्हिडिओ गेम बनवायची, आणि सध्या तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

त्याचं असं झालं होतं, की कंपनीत हॉकीचा गेम बनत होता, पण दोन तऱ्हांचा. सूनबाईच्या गटाचा गेम खराखुरा. खेळाडू दमणार, पावसात चेंडू अडणार, नियम म्हणजे नियम. दुसरा गट धूमकेतूचा. हे त्याचं ऑफिसातलं टोपणनाव, आणि केस बघितले की कोणी कारण विचारत नसे. त्याच्या गेममध्ये खेळाडू उडायचे, चेंडूला आग लागायची आणि गोलरक्षकाला चक्क आठ हात होते! शुक्रवारी मालकीणबाई दोन्ही गेम खेळून बघणार होत्या आणि त्यातला एकच ठेवणार होत्या. ज्याचा गेम पडेल त्याची सगळी मेहनत कचऱ्यात, आणि त्याची रवानगी रंगीत गोळ्या फोडायच्या गेमवर.

"बाबा, मला गोळ्या फोडत जन्म काढायचा नाहीये," सूनबाई रडकुंडीला आली होती. "तुम्ही चलाच. खरा पंच कसा वागतो ते आमच्या कॉम्प्युटरला शिकवा."

"शिकवतो म्हणजे काय! असा तयार करतो की एक पाय चुकीचा पडायचा नाही!"

पंचसाहेब मोठ्या तोऱ्यात ऑफिसात गेले, आणि पहिल्याच दिवशी त्यांचा तोरा उतरला. आधी त्यांच्या अंगावर घट्ट बसणारा काळा पोशाख चढवण्यात आला आणि त्यावर जागोजागी हालचाल टिपणारे पांढरे ठिपके चिकटवण्यात आले.

"ह्या अवतारात कोणी पाहिलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही!"

"पोट आत ओढू नका, बाबा. खरं हवंय आम्हाला."

मग त्यांना चालायला सांगितलं. ते चालले, आणि समोरच्या पडद्यावर एक पंच चालू लागला. हात पाठीमागे, मान जराशी तिरकी, डावा गुडघा किंचित धरलेला. पंचसाहेब थांबले, तोही थांबला. यांनी नाक खाजवलं, त्यानेही खाजवलं.

"अगं, हा तर मीच!" ते कुजबुजले. "माझ्यापेक्षा जास्त मीच!"

त्यांच्या अंगावर खरोखरच काटा आला होता. इतकी वर्षं मैदानावर काढली, पण स्वतःला काम करताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. कितीतरी वेळ ते नुसते इकडून तिकडे चालत राहिले आणि त्या दुसऱ्याकडे डोळे भरून बघत राहिले.

त्यानंतर मात्र त्यांनी स्वतःला वाहून घेतलं. आवाज दिला: "वाद घालायचा नाही! बाहेर!" वेगवेगळ्या शिट्ट्या दिल्या. कुठली चूक झाली की कुठला हात वर करायचा, खेळाडू खोटं लंगडतोय हे कसं ओळखायचं, सगळं सांगितलं. सूनबाई जेवायला गेली तरी हे तिच्या सहकारिणीला काही ना काही पढवत बसायचे. ती बिचारी सगळं इमानदारीने कॉम्प्युटरला भरवायची. आणि तिथेच घात झाला!

शुक्रवारी मालकीणबाई आल्या. मोठा पडदा, समोर सोफा, मागे भिंतीला टेकून दोन्ही गट. सोफ्याशेजारी मानाच्या खुर्चीत पंचसाहेब.

पहिला मान धूमकेतूला मिळाला. पडद्यावर आकाशातलं मैदान उघडलं, तारे खाली आणि ढग बाजूला! मालकीणबाईंनी बटण दाबलं, एक खेळाडू सूं करून उडाला, चेंडू पेटला आणि गोलची जाळी भडाभडा जळाली.

"हे काय? हे काय!" पंचसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. "स्टिक डोक्याच्या वर! चेंडूला आग! आणि पंच? पंच कुठाय?"

"पंच नाहीच ठेवलाय, साहेब," धूमकेतू म्हणाला. "कशाला उगाच मध्ये मध्ये?"

पंचसाहेबांचा आ वासलेला राहिला. आता खरं सांगायचं तर त्यातला निम्मा संतापाने आणि निम्मा कौतुकाने, पण हे ते कधी कबूल करायचे नाहीत. मालकीणबाई थोडा वेळ खूश होत्या. पण गोलामागून गोल होऊ लागले तशा त्या बटणं दाबता दाबता जांभई देऊ लागल्या.

सूनबाईला धीर आला. तिने आपला गेम लावला. काय ते मैदान! गवताचं पातं न् पातं वेगळं दिसत होतं. वर ढग सरकत होते. आणि बाजूने, हात पाठीमागे बांधून, पंच आत आला.

"बाई गं!" मालकीणबाईंनी एकदा पडद्याकडे आणि एकदा खुर्चीकडे पाहिलं. "हे तर हुबेहूब तुम्ही!"

पंचसाहेबांची छाती फुगली. पडद्यावरचा पंच गोलपाशी गेला आणि त्याने जाळी ओढून पाहिली. एक गाठ सैल होती, ती त्याने बांधून घेतली. मग एकेका खेळाडूची स्टिक हातात घेऊन तपासली. मालकीणबाई बटणावर अंगठा ठेवून बसल्या होत्या. मग पंच मैदानाच्या मधोमध आला, त्याने टाच गवतात रुतवली, टाचेखालून पाणी वर आलं, आणि त्याने शिट्टी फुंकली.

"मैदान खेळण्यालायक नाही. सामना पुढे ढकलला आहे!"

खेळाडू माना खाली घालून निघून गेले. पडद्यावर नुसतं ओलं मैदान उरलं.

"म्हणजे?" मालकीणबाईंनी विचारलं. "आता खेळायचं कधी?"

सूनबाई पांढरीफटक पडली. "बाबा! हे कधी शिकवलंत?"

"परवा. तू जेवायला गेली होतीस तेव्हा." पंचसाहेबांचा आवाज बारीक झाला होता. "अगं, पण निर्णय बरोबर आहे. त्या चिखलात कोणाचा पाय मोडला असता."

"इथे माझा गेम मोडतोय, बाबा!"

तिने गेम पुन्हा लावला. पंच पुन्हा आला, जाळी पुन्हा ओढली, स्टिका पुन्हा तपासल्या. या खेपेला मैदान कोरडं होतं. त्याने आभाळाकडे पाहिलं, डोळ्यांवर हात धरला आणि उजेड पुरेसा नाही म्हणून सामना पुढे ढकलला! मालकीणबाई पर्स शोधू लागल्या. रंगीत गोळ्या सूनबाईच्या डोळ्यांसमोर नाचू लागल्या.

आणि तेवढ्यात, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, धूमकेतू पुढे झाला. तो पडद्याकडे टक लावून बघत होता.

"ताई, काय माणूस बनवलाय तुम्ही!" तो म्हणाला. "माझ्या मैदानावर आणा ना त्याला. तिथे पाऊस नाही, आणि उजेडच उजेड आहे."

दोन्ही गेमचा सांगाडा एकच होता, त्यामुळे पंचाला उचलून तिकडे ठेवायला फार वेळ लागला नाही. गुडघा धरत धरत तो आकाशात पोचला. ताऱ्यांवर टाच रुतवून पाहिली. कोरडं होतं! सामना सुरू!

मालकीणबाईंनी बटण दाबलं. खेळाडू उडाला, चेंडू पेटला, आणि फुर्रर्र! "धोकादायक चेंडू!" पंचाने आगीच्या गोळ्याला थांबवलं, तो विझेपर्यंत वाट पाहिली आणि चूक करणाऱ्याला पिवळं कार्ड दाखवलं.

"अरे, सोड की रे!" मालकीणबाई पडद्यावर ओरडल्या. त्यांनी पंचाची पाठ वळलेली बघून हळूच उडायचा डाव टाकला. पंच वळला. फुर्रर्र! मालकीणबाई सोफ्याच्या कडेला आल्या. त्यांनी पर्स खाली टाकली. आता त्या समोरच्या संघाशी खेळतच नव्हत्या, त्या पंचाशी खेळत होत्या! त्याची नजर चुकवून एकदा गोल झाला तेव्हा त्यांनी अशी आरोळी ठोकली की शेजारच्या खोलीतले लोक धावत आले.

मग आठ हातांच्या गोलरक्षकाने आठही हातांनी चेंडू दाबून धरला. पंच चालत त्याच्यासमोर गेला. गोलरक्षक ताडमाड, चारी बाजूंना जाळ, आणि समोर तिरक्या मानेचा, पोट सुटलेला एक म्हातारा माणूस. त्याने नुसतं बोट वर केलं.

"वाद घालायचा नाही! बाहेर!"

त्या राक्षसाने आठही हात खाली सोडले आणि गुमान बाहेरची वाट धरली. पंचसाहेबांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत त्यांना शिव्या न देता एकही खेळाडू बाहेर गेला नव्हता.

"ठरलं!" मालकीणबाई म्हणाल्या. "पंच हिचा, मैदान त्याचं. दोघं मिळून हाच गेम करा. गोळ्यांचं पुढे बघू."

सूनबाईने धूमकेतूचा हात इतका जोरात हलवला की त्याचे केस हलले. मालकीणबाईंनी रिमोट पंचसाहेबांच्या हातात दिला. "आता तुम्ही खेळा!"

पंचसाहेबांनी जन्मभर गोल दिले होते. मारला एकही नव्हता. त्यांनी बटण दाबलं. त्यांचा खेळाडू पळाला, चेंडू चमकत सुटला, आणि जाळी पेटली!

"गोल! गोल!" पंचसाहेब गुडघा विसरून खुर्चीवर चढले. "मी मारला! बघितलंस का गं?"

फुर्रर्र! "गोल नाही. फटका गोलासमोरच्या डीच्या बाहेरून!"

"बाहेरून?" पंचसाहेब खुर्चीवरूनच गरजले. "आंधळा आहेस का रे? आत होता! चांगला आत होता!" आणि इतक्यावर न थांबता त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून पडद्याच्या दिशेने भिरकावली. मग पुन्हा बटण दाबलं आणि आपल्या खेळाडूला थेट पंचाच्या अंगावर धाडलं.

पडद्यावरच्या पंचाने मान तिरकी केली आणि कार्ड काढलं. "वाद घालायचा नाही! बाहेर!"

रिमोटची बटणं बंद पडली. पंचसाहेब खुर्चीवरून उतरले, शिट्टी उचलली आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसले. थोड्या वेळाने त्यांनी सूनबाईला खुणेने जवळ बोलावलं.

"खरं सांग. आत होता ना?"

"हातभर बाहेर होता, बाबा."

पंचसाहेबांनी पडद्याकडे पाहिलं. हात पाठीमागे बांधून तो अजून तिथेच उभा होता.

"पंच चांगला आहे," ते पुटपुटले, "पण जरा अतीच करतो."