देवापुढचं टोकन

बंगळूरमधला कुठलाही फ्लॅट श्रीरंग कुणालाही विकू शकत होता. म्हणजे असं त्याचं स्वतःचं मत होतं. हे मत छापलेली व्हिजिटिंग कार्डं त्यानं अख्ख्या एचएसआर लेआउटमध्ये वाटली होती. फ्लॅट मात्र अजून एकही विकला गेला नव्हता.

आधी तो सॉफ्टवेअरमध्ये होता. कंपनी दर शुक्रवारी पिझ्झा खायला घालून ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ असं सांगायची. मग एका सकाळी कुटुंबानं त्याला लॅपटॉप जमा करायला सांगितलं. श्रीरंगनं ठरवलं, आता नोकरी नाही! आता प्रॉपर्टी! या शहरात रस्ते बुडतात, तळी फेसाळतात, टँकरचं पाणी दुधाच्या भावानं मिळतं, तरी जागेचे भाव वरच जातात. त्यातला एक थेंब आपल्याही वाटीत पडेलच की!

त्यासाठी त्यानं एका हॉटेलात दोन दिवसांचं शिबिर केलं. शिबिरातले गुरुजी कोट घालून ओरडत, “गिऱ्हाईक घराला भुलत नाही! ते दुसऱ्या गिऱ्हाइकाला घाबरतं!” श्रीरंगला हे इतकं पटलं की त्यानं उभं राहून टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी आणखीही बरंच सांगितलं होतं. जागेची मूळ कागदपत्रं आधी वकिलाला दाखवा, पाणी कुठून येतं ते विचारा, आणि मालक असो वा गिऱ्हाईक, आपलं कमिशन सुरुवातीलाच लिहून घ्या. पण त्या वेळी चहा आला होता, त्यामुळे ते जरा राहून गेलं.

त्याची बायको प्रणिता शांत स्वभावाची. ती शांतपणेच म्हणाली, “गुढीपाडव्यापर्यंत एक तरी व्यवहार कर. नाही झाला तर पुण्याला जायचं आणि दादाच्या टाइल्सच्या दुकानात बसायचं.”

दादा म्हणजे तिचा भाऊ. तो श्रीरंगला लग्नापासून ‘साहेब’ म्हणत असे, आणि म्हणताना हसत असे. त्याच्या दुकानात स्टुलावर बसून बाथरूमच्या टाइल्सचे रंग दाखवायचे, या कल्पनेनंच श्रीरंगला घाम फुटायचा.

आणि नेमका तेव्हाच त्याला मल्लेश्वरमचा फ्लॅट मिळाला. मालक हयवदन राव, निवृत्त प्राध्यापक, मुलाकडे म्हैसूरला निघालेले. तळमजला, दारात पारिजात, आत पितळी घंटा टांगलेलं देवघर. राव कन्नड आणि इंग्रजी मिसळून बोलत. त्यांचं बोलणं इथे मराठीत वाचावं. ते म्हणाले, “तुम्ही गिऱ्हाईक आणा, मी कमिशन देतो. माझा शब्द म्हणजे शब्द.” श्रीरंगनं काही लिहून घेतलं नाही. एवढ्या सोवळ्या माणसाकडून काय लिहून घ्यायचं!

गिऱ्हाईकही होतं. वेदांत आणि ऋचा, मुंबईहून आलेलं जोडपं. दोनदा फ्लॅट पाहिला, दोनदा आवडला, दोनदा “वी विल गेट बॅक टू यू” म्हणून गेले. आता तिसऱ्यांदा येणार होते. श्रीरंगला गुरुजी आठवले. दुसरं गिऱ्हाईक हवं!

खरं दुसरं गिऱ्हाईक कुठून आणणार? म्हणून तो प्रणिताच्या आत्याकडे गेला. रत्नाआत्या लग्न होऊन बंगळूरला आली त्याला जन्म लोटला. अरविंदकाका सरकारी कारखान्यातले इंजिनिअर, आता निवृत्त. दोघं यशवंतपुरात भाड्यानं राहत. गेले कित्येक महिने श्रीरंग त्यांना गुंतवणुकीच्या एकेक जागा सुचवत होता, आणि आत्या दर वेळी चकली पुढे करून म्हणायची, “अय्यो, आमच्याकडे कुठले रे पैसे!”

“आत्या, पैसे नकोतच,” श्रीरंग म्हणाला. “नुसतं नाटक करायचं. यायचं, घर बघायचं, छान आहे म्हणायचं, जायचं. आणि हो, मला ओळखायचं नाही!”

“सरी, चालेल,” आत्या म्हणाली. “कुठली साडी नेसू?”

रविवारी सकाळी वेदांत आणि ऋचा हॉलमध्ये उभे असताना घंटी वाजली. दारात आत्या, ठेवणीतल्या इरकलीत. मागे काका, हातात मेजरिंग टेप!

“हे कोण?” वेदांतनं कुजबुजत विचारलं.

“कोण जाणे! मी यांना ओळखत नाही,” श्रीरंग मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणाला. “राव सर, तुमची जाहिरात वाचून थेट आलेले दिसतात. माझा काही संबंध नाही!”

“बन्नि, बन्नि, या आत,” राव म्हणाले. आत्यानं अस्खलित कन्नडमध्ये उत्तर दिलं आणि रावांचा चेहरा उजळला. गेल्या महिनाभरात आलेल्या एकाही गिऱ्हाइकानं त्यांच्याशी कन्नडमध्ये दोन वाक्यं बोलली नव्हती. श्रीरंगनंसुद्धा नाही.

नाटक छान रंगत होतं. अडचण इतकीच की अरविंदकाकांना नाटक येत नव्हतं. त्यांना इंजिनिअरिंग येत होतं. त्यांनी भिंती ठोकून पाहिल्या. बाथरूममध्ये तांब्याभर पाणी ओतलं आणि ते जाळीकडे जाईपर्यंत खाली वाकून बघत राहिले. “उतार बरोबर आहे!” ते आतून ओरडले. “रत्ना, इकडे ये! आयुष्यात पहिल्यांदा बरोबर उतार बघतोय!”

ऋचाचा चेहरा पडला. “वेदांत, दे आर सीरियस,” ती म्हणाली. श्रीरंगच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. गुरुजी, धन्य आहे तुमची!

आत रावांच्या पत्नी, पद्मक्का, आत्याला देवघर दाखवत होत्या. शुक्रवारची पूजा, गौरीची मांडणी, सगळ्या चौकशा झाल्या. सवाष्ण दारातून रिकामी कशी जाणार? पद्मक्कांनी हळदकुंकू लावलं, विड्याची पानं, सुपारी, नारळ आणि खण तिच्या ओटीत घातला. आत्याचे डोळे भरून आले. आणि परक्याच्या देवापुढून रिकाम्या हातानं उठायचं नाही, ही तिच्या आईची शिकवण. तिनं पर्समधून शंभराची नोट काढली, वर एक रुपया ठेवला, समईजवळ ठेवून नमस्कार केला.

राव दारात उभे होते. त्यांनी हे पाहिलं आणि टाळी वाजवली.

“आयितु! झालं! देवापुढे टोकन ठेवलं! घर तुमचं!”

हॉलमध्ये ते सगळ्यांना ऐकू गेलं.

“वेट!” ऋचा किंचाळली. “आम्ही घेतोय! आत्ता घेतोय! पाच लाख जास्त देतो!”

श्रीरंगला वाटलं आपण हवेत तरंगतोय. जमलं! गिऱ्हाईक घाबरलं! “सर, ऐकलंत? पाच लाख जास्त!”

“नाही,” राव म्हणाले. “तांबूल दिला. त्यांनी देवापुढे पैसे ठेवले. मी शब्द देऊन बसलो.”

“अहो सर, ते टोकन नव्हतं! त्या नुसत्या नमस्कार करत होत्या! त्यांना घर घ्यायचंच नाहीये!”

“तुम्हाला काय माहीत?” रावांनी चष्म्यावरून पाहिलं. “तुम्ही तर त्यांना ओळखत नाही.”

आता काय बोलणार? ही माझ्या बायकोची आत्या, मी तिला तुम्हाला फसवायला आणली होती, असं सांगायचं?  वेदांतनं त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्यानं बसच्या सीटवर टाकलेला रुमालच पळवला. दोघं निघून गेले. पुढच्याच आठवड्यात त्यांनी दुसऱ्या एजंटामार्फत दुसरं घर घेतलं.

श्रीरंगनं आत्याला कोपऱ्यावर गाठलं. “आत्या, आत्ताच्या आत्ता परत जा आणि नको म्हणून सांग!”

“देवापुढे पैसे ठेवून नको म्हणू? वेड लागलंय का तुला?” आत्या नारळ छातीशी धरून म्हणाली. “आणि खरं सांगू? मला आवडलं रे ते घर. यांनाही उतार आवडला.”

“पण पैसे? तुमच्याकडे तर पैसे नाहीत!”

“शहराबाहेरची ती आनेकलची जागा विकली की आम्ही दिवाळीत. तुला बोललो नव्हतो का?”

“नाही! मी महिनोन्‌महिने विचारत होतो, तुम्ही चकल्या देत होतात!”

“तू गुंतवायला मागत होतास,” काका टेप गुंडाळत म्हणाले. “गुंतवायला नव्हते. राहायला होते.”

ती जागा कुणी विकून दिली, हे श्रीरंगनं विचारलं नाही. दिवाळीत तो त्यांच्याकडे दोन वेळा फराळाला गेला होता, आणि खिशात कार्डं घेऊनच गेला होता. त्याला खूप लागलं ते. पण व्यवहार झाला हे खरं ना? घर विकलं गेलं ना? मग कमिशन आहेच! या विचारानं त्यानं स्वतःला सावरलं.

तो रावांकडे गेला. राव चकित झाले. “कमिशन? ते थेट आले. तुमचा काही संबंध नाही, असं तुम्हीच चारचौघांत सांगितलंत! मला तुमचा हा प्रामाणिकपणा फार आवडला.”

मग तो आत्याकडे गेला. आत्याच्या हातातला डबाच खाली पडला. “घरच्या माणसाकडून कमिशन? श्रीरंग! तू काय परका आहेस?”

घरी आल्यावर प्रणिता म्हणाली, “आत्याकडे पैसे मागितलेस? लाज नाही वाटली? लहानपणी तिनं मला सांभाळलंय!”

तेव्हा नव्या एजंटांनी एवढं लक्षात ठेवावं. मालकाच्या लेखी तुमचं गिऱ्हाईक परकं असतं आणि गिऱ्हाइकाच्या लेखी तुम्ही घरचे असता. या दोन्हींच्या मध्ये जी जागा उरते तिला ना पालिकेच्या दप्तरातला ‘खाता’ असतो ना पाणी, आणि तिथे भर उन्हात उभं राहायला लागतं. श्रीरंग तिथे पाडव्यापर्यंत उभा राहिला. त्यानं आणखी चार घरं दाखवली आणि चारही ठिकाणी लोक “वी विल गेट बॅक” म्हणाले. मग प्रणितानं पुण्याची तिकिटं काढली, आणि तो बॅगा भरायला लागला. त्याला स्वतःचाच राग येत होता.

निघायच्या आधीच्या रविवारी आत्याची वास्तुशांत होती. जावई म्हणून श्रीरंगला जाणं भागच होतं. दारातल्या पारिजाताखाली मांडव, आत होम, मागच्या अंगणात पंगत. काका येईल त्याला बाथरूमचा उतार दाखवत होते. वाढपी कमी पडले, तशी आत्यानं पायसाची बादली श्रीरंगच्या हातात दिली. “तू घरचाच ना! जरा वाढ रे.”

त्यानं धोतर खोचलं, गळ्यात पंचा टाकला आणि पंगतीत शिरला. वाढता वाढता एका पानापाशी पोचला आणि थबकला. समोर हयवदन राव! म्हैसूरहून खास आलेले.

रावांनी मान वर केली. चष्मा नीट केला. पंचा पाहिला, बादली पाहिली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरा, मनापासूनचा आनंद पसरला.

“ओहो! एजंटसाहेब! रिअल इस्टेट सोडलंत? केटरिंग सुरू केलंत?”

शेजारच्या पानांवरची माणसं बघायला लागली. नात्याचं नाव घेतलं तर नाटक उघडं पडणार होतं. एजंट म्हणावं, तर ते आता खरं उरलं नव्हतं.

“हो सर,” श्रीरंग म्हणाला.

“फार छान केलंत! त्या धंद्यात तुमच्यासारख्या सरळ माणसाचं काम नाही.” रावांनी वाटी पुढे केली. “स्वल्प पायस हाकि. थोडंसंच वाढा.”

श्रीरंगनं वाढलं. राव एक घास चाखून म्हणाले, “कार्ड असेल तर द्या. नातवाची मुंज आहे.”