पेंडसेकाका आणि बागेतलं बिनचुलीचं घर

पेंडसेकाका कुणाच्याही घरी गेले की चहाला हो म्हणण्याआधी मागचं दार कुठे आहे ते विचारतात. त्याला कुलूप असेल तर किल्ली कुठे असते, तेही. मग दाराकडे तोंड करून बसतात आणि म्हणतात, "वर्स्ट केस सांगतो हं, सुनीता." चहा निवतो, वर्स्ट केस संपत नाही.

इंग्लंडमधल्या रीडिंग शहरात आमची घरं शेजारीशेजारी, मधे फक्त लाकडी कुंपण. काका इथल्या हॉस्पिटलात जन्मभर भूलतज्ज्ञ होते. सगळं नीट चाललेलं असताना काय बिघडू शकेल, याचा विचार करायचा त्यांना पगार मिळायचा. निवृत्तीनंतर त्यांनी तेच काम फुकट चालू ठेवलंय. बॉयलरचा आवाज जरा बदलला की हे कोट घालून बाहेर फुटपाथवर. जोराचा वारा सुटला की मला मेसेज, "चिमणीखाली उभी राहू नकोस." मी आपली सोफ्यावर लोळत असते.

काकू जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा रोहन ब्रिस्टलला असायचा. गेल्या वर्षी त्याला रीडिंगमध्ये नोकरी लागली आणि ठरलं, की तो, त्याची बायको नेहा आणि दोन मुली मोठ्या घरात राहायला येणार, आणि काकांसाठी मागच्या बागेत छोटंसं घर बांधायचं. बिल्डरने दोन नकाशे दिले. एक ॲनेक्स, म्हणजे खोली, बाथरूम आणि स्वतंत्र किचन. दुसरं गेस्ट हाऊस, म्हणजे खोली, बाथरूम आणि केटल ठेवायला एक फळी. बस्स.

दोन्ही नकाशे काकांच्या फ्रिजवर आठ महिने चिकटलेले होते.

"ॲनेक्स म्हणजे प्लॅनिंग परमिशन आली," काका कुंपणावरून सांगत. "किचन दिसलं की कौन्सिलला ते वेगळं घर वाटतं. वर्स्ट केस सांगतो. सगळं बांधून झाल्यावर पत्र येतं, पाडा म्हणून."

"मग गेस्ट हाऊस बांधा ना!"

"आणि गेस्ट आले म्हणजे? लेस्टरचे आमचे नातेवाईक. सहा माणसं, एक बाथरूम, आणि जमिनीखालचा पाइप केवढा, तर एवढासा."

एका आठवड्यात ॲनेक्स, पुढच्यात गेस्ट हाऊस. मी वैतागले होते. शेवटी बिल्डरने सांगितलं, शुक्रवारपर्यंत सही आली नाही तर मी दुसरं काम घेतो. गुरुवारी मी तावातावाने त्यांच्या बागेत गेले. काकांनी गवतावर दोरीने घराची चौकट आखली होती आणि तिच्यात प्लॅस्टिकची खुर्ची टाकून ते बसले होते. कोट, मफलर, टोपी, आणि भुरभुर पाऊस.

"काका, आता पुरे झालं. कसली एवढी भीती वाटते तुम्हाला?"

ते मोठ्या घराच्या मागच्या दाराकडे बघत राहिले.

"नेहा फार चांगली मुलगी आहे," ते म्हणाले. "म्हणते, बाबा, किचन असलं की तुम्हाला तुमची ओन स्पेस मिळेल, कोणावर डिपेंड राहायला नको. पण किचन असलं की मी माझा वरणभात करून खाणार. सकाळी त्यांना ऑफिसची घाई, संध्याकाळी मुलींचं स्विमिंग. सगळ्यांना वाटणार, बाबा जेवले असतील. आणि मी जेवलेलोही असेन गं! मग चार दिवस कोण कशाला येईल?" त्यांनी चष्मा पुसला. "किचन नसलं की तिन्ही वेळेला मला आत जावं लागेल. नाही गेलो, तर निदान कुणीतरी बघायला येईल."

"हे रोहनला सांगा ना."

"छे! मग ते बिचारे ड्यूटी लावून घेतील. तसं नकोय मला."

शुक्रवारी काकांनी गेस्ट हाऊसच्या नकाशावर सही केली. रविवारी मला रोहनचा फोन आला.

"सुनीताताई, बाबा म्हणतात किचन नको, कारण ते हॉब ऑन ठेवून विसरतात. दोनदा झाला म्हणे असं. इज इट ट्रू? तुम्ही बघितला का?"

विसरतात? शेगडी बंद केल्यावर काका तिच्यावर हात धरून शंभर आकडे मोजतात. आपल्याला कुणी विसराळू म्हणेल, गाडीची किल्ली काढून घेईल, मेमरी टेस्टला नेऊन बसवेल, या धास्तीने ते रोज सकाळी जुन्या पेशंटांची वजनं आठवून बघतात. आणि त्याच माणसाने हे आपल्या तोंडाने मुलाला सांगितलं होतं.

"बघितलंय," मी म्हणाले. "एकदा तर मीच जाऊन बंद केली."

"ओ गॉड. मग आम्हाला रोज लक्ष ठेवायला पाहिजे."

"हो. जेवायला आतच बोलवत जा. तिन्ही वेळा."

"ऑफ कोर्स, ताई."

मी फोन ठेवला. उद्या काका खरोखरच विसरायला लागले, तर ते मला तरी कसं कळणार?