तबनीने लाटलेली भिंत

अपील-इलीने आंघोळीला जाताना गळ्यातली मुद्रा काढून उंबऱ्याशी ठेवली, तीही नेमकी पंच यायच्या दिवशी.

भांडण भिंतीचं होतं. पलीकडे निदनूशा, अलीकडे अपील-इली, आणि मधली भिंत दोघंही आपलीच म्हणायचे. अपीलची बायको लमस्सी हिला सातवा महिना लागला होता. बाळासाठी खोली वाढवायची, तर तुळया टेकवायला तीच भिंत हवी. निदनूशाने मात्र हक्क दाखवायला भल्या पहाटे भिंतीला गिलावा चढवला होता, तोही यांच्याच अंगणात उभं राहून.

अंग पुसत अपील-इली बाहेर आला, तोवर तीन वर्षांची तबनी उकिडवी सरकत पार कोपऱ्यापर्यंत पोचली होती. बापाची ती मुद्रा, म्हणजे बोटाएवढं कोरीव दगडी लाटणंच, तिने ओल्या गिलाव्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली होती. बसलेला सूर्यदेव शमश, हात जोडलेली देवी, बापाचं नाव. पुन्हा देव, पुन्हा देवी, पुन्हा बाप.

"बाबा, बघा ना, सगळे रांगेत चाललेत!"

"अगं माझे बाई, काय केलंस हे!" लमस्सीने कपाळाला हात लावला. हक्क सोडणाराच मुद्रा उमटवतो, हे सिप्पार शहरातल्या गाढवांनाही ठाऊक होतं.

ती ओलं फडकं घेऊन धावली, तोच भिंतीवरून एक डोकं वर आलं.

"वहिनी, बोट लावाल तर खबरदार! देव आहेत त्यावर." निदनूशाच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "वा रे अपील! दोन वर्षं म्हणतोय, एकदा सोड. तू तर चाळीसदा सोडलीस!"

"लेकराने केलंय रे ते."

"मुद्रा लेकराची आहे का?"

मग तो यांच्याच अंगणात येऊन बसला. उन्हाने चिरा पडू नयेत म्हणून त्याने भिंतीला ओली चटई धरली. चटई भिजवायला पाणी लमस्सीकडूनच मागून घेतलं. आल्यागेल्याला पाणी नाही कसं म्हणणार?

दुपारी पंच आले. थोरल्या पंचांनी वाकून सगळी रांग पाहिली. उठताना भिंतीचा आधार घेतला, ती हलली तसा हात चटकन मागे ओढला.

"मुद्रा अपील-इलीची. म्हणजे भिंत निदनूशाची."

लमस्सीने तबनीला पोटाशी धरलं. पोरीचा ओठ थरथरायला लागला होता.

"आता ऐक, निदनूशा. तुझी भिंत यांच्या घरावर कललीय. चारचौघांदेखत बजावतोय. पडली आणि कुणी दगावलं, तर ते तुझ्या मानेवर. पायापासून नवी बांध."

"सगळी?"

"तुझीच आहे ना सगळी?"

निदनूशाच्या हातातली चटई गळाली. "अपील, अरे, आपण भाऊ-भाऊ! निम्मी तुझी, निम्मी माझी. तुळया टेकव, आजच टेकव!"

अपील-इली 'बरं' म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात लमस्सीने त्याचा पाय दाबला.

"निम्मी कशाला, भावोजी? पंचांचा शब्द मोडायचा का?" ती गोड आवाजात म्हणाली. "तुम्ही भक्कम बांधा, मग आम्ही तुळया टेकवू. टेकव म्हणालात ना आत्ता?"

"म्हणाला," थोरले पंच म्हणाले. "आम्ही ऐकलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी निदनूशा विटांचा चिखल तुडवत होता. शेजारी गुडघाभर चिखलात तबनी नाचत होती. लमस्सीने तिला मुळीच हाक मारली नाही.