टाकीत कमी पडलेला माणूस

"बाबा, उठा. लोक बघतायत," लेक गॅलरीतून ओरडली.

बाबा उठले नाहीत. ते रस्त्याच्या कडेला उताणे पडले होते. पाय पाण्याच्या टाकीकडे, डोकं गटाराच्या काठावर. एका डोळ्याला स्ट्रॉ, स्ट्रॉला चिकटवलेला कोनमापक, त्याला दोरा आणि दोऱ्याला बांधलेला लोखंडी नट गटारात लोंबत होता.

नातीला शाळेचा प्रकल्प होता, त्रिकोणमितीचा रोजच्या जगण्यात उपयोग. टाकीचं टोक जिथून पंचेचाळीस अंशांत दिसेल, तिथून टाकीपर्यंतचं अंतर मोजायचं. तेवढीच टाकीची उंची. फक्त त्यात बघणाऱ्याच्या डोळ्यांची उंची मिळवायची. बाबा नेमके तिथेच अडले.

"उभ्या माणसाचं माप मला सांगू नका," ते म्हणाले होते. "टेप दिसली की गिऱ्हाईक पोट आत घेतं. मीही घेईन. त्यापेक्षा आडवा होतो. डोळे जमिनीला लागले की मिळवायची भानगडच नको."

बाबांनी जन्मभर फक्त पँटी शिवल्या होत्या. माणसाच्या स्वभावाबद्दलची त्यांची मतं कंबरेपासून खाली अगदी पक्की होती. आता जमिनीवर आडवं झाल्यावर नट लोंबायला जागा हवी, म्हणून गटार.

पहिल्या वाटसरूने पाणी आणलं. दुसरा म्हणाला, "पाणी कशाला, प्यायलेत ते पुरेसं आहे." तिसऱ्याने कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी मनगट धरलं.

"सोडा हो, हात हलतो," बाबा म्हणाले. "पंचेचाळीस."

"काय म्हणाले?"

"वय सांगतायत बहुतेक."

"सत्तरीच्या आतले नाहीत. मेंदूला लागलंय, गाडी बोलवा."

गाडी आली. बाबांनी स्ट्रॉमधूनच ती मागे घ्यायला लावली, कारण ती टाकीच्या आड येत होती. टाकीच्या पायथ्यापासून टेप टाकत आलेल्या नातीला त्यांनी हाक दिली, "पावलापर्यंत धर गं." त्यांच्या हातचं प्रत्येक माप पावलाशीच संपत आलं होतं.

"माप झकास आलं," संध्याकाळी ते म्हणाले.

"आता शेजाऱ्यांना तोंड कसं दाखवू ते सांगा," लेक म्हणाली. त्यावर ते अंथरुणात पडल्या पडल्या बराच वेळ हसत होते.

सकाळी चहा घेऊन ती म्हणाली, "बाबा, उठा." तेव्हाही ते उठले नाहीत.

पुढे काही दिवसांनी गणिताच्या बाईंनी दोघी मायलेकींना शाळेत बोलावून घेतलं. "टाकीच्या पाटीवर उंची लिहिलीय. तुमची टाकी तिच्याहून एका माणसाने बुटकी भरते. उत्तर खोडून पाटीवरचं लिही."

"नाही खोडणार," नात म्हणाली. "आजोबांचं माप चुकत नाही. पाटी चुकली असेल."

"अहो, तुम्ही तरी समजवा तिला."

लेक प्रकल्पातल्या आकृतीकडे बघत राहिली. तिथे नातीने आजोबांना झोपवलं होतं, आणि अंतराची रेघ टाकीपासून निघून त्यांच्या पावलांशी थांबली होती. डोळे मात्र रेघेच्या पलीकडे, गटारावर. मधले आख्खे बाबा बेरजेत धरलेच नव्हते.

"खोडायचं नाही," ती म्हणाली. "एक माणूस मिळवायचाय फक्त. उद्या आम्ही परत मोजून आणतो."

दुसऱ्या दिवशी भर रहदारीच्या वेळी ऑफिसच्या कपड्यांतच ती त्याच जागी आडवी झाली. स्ट्रॉ डोळ्याला, नट गटारात. माणसं थांबू लागली. शेजारच्या काकू पिशवी टाकून धावत आल्या.

"अगं, उठ. वडील जाऊन महिना झाला नाही. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

"वडिलांवर गेलीय अगदी," मागून कुणीतरी म्हणालं.

"गेलेय," ती म्हणाली. "सरका, टाकी दिसत नाही."

कोपऱ्यावरचे डॉक्टर आले, गटारातला नट बघितला आणि गर्दी मागे सारायला लागले. टाकीचं टोक स्ट्रॉमध्ये आलं, मग पाण्याने पुसट झालं. तिने डोळा पुसला आणि पुन्हा लावला.

"आई," टेप घेऊन नात टाकीपाशी ओरडली, "पावलापर्यंत धरू?"

"नाही. डोळ्यापर्यंत. आख्खं धर."

"कोन आला का?"

"आला," ती ओरडली, आणि आवाज चढलेलाच होता म्हणून तसंच वर आभाळाकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाबा, तुम्ही मला फार आवडायचात."