मक्यातलं मेमरी कार्ड

"जागा शिल्लक नाही," असं फोनने तृप्तीला सांगितलं, आणि तेही नेमकं आकांक्षा खोकत असताना.

तृप्ती आपल्या मुलीचा प्रत्येक खोकला रेकॉर्ड करून ठेवायची. त्याला कारण होतं. घरी खोकून खोकून बेजार करणारी अक्कू डॉक्टरांच्या टेबलावर बसली की एकदम ठणठणीत व्हायची. त्यांच्या पेनाशी खेळायची, हसायची, आणि डॉक्टर तृप्तीकडे अशा नजरेने बघायचे की जणू औषध तिलाच लिहून द्यावं. म्हणून हा पुरावा. कोरडा खोकला, ओला खोकला, शिंका, झोपेतली घुरघुर. शिवाय पहिलं पालथं पडणं, पहिला दात, पहिलं पाऊल यांचे फोटो आणि व्हिडिओ. आणि रेकॉर्डर बंद करायचं राहून गेल्यामुळे या सगळ्यात तृप्तीचा स्वतःचा आवाजही भरपूर भरला गेला होता. कारण अक्कूला जे सापडेल ते ती तोंडात घालायची, आणि तृप्तीला ते लांबूनही दिसायचं.

जालन्यात बियाण्याच्या कंपनीत नोकरीला असलेला तिचा नवरा सोमेश्वर संध्याकाळी मोठं कार्ड घेऊन आला. सेफ्टी पिनने त्याने फोनचा कप्पा बाहेर काढला, जुनं कार्ड काढलं, नवीन बसवलं आणि एखादं ऑपरेशन केल्यासारखे हात पुसले.

"झालं. जुन्यातलं समदं उद्या ऑफिसच्या लॅपटॉपवर उतरवून देतो."

"अहो, नक्की ना? अक्कूचं पहिलं वर्ष फक्त त्यातच आहे."

"बिलकुल. उद्या म्हणजे उद्या."

आता प्रश्न होता ते नखाएवढं कार्ड ठेवायचं कुठे? तृप्तीने घरभर नजर फिरवली. टेबलावर ठेवलं तर अक्कू गिळेल. खणात ठेवलं तर खण उघडून गिळेल. पर्समध्ये ठेवलं तर आधी पर्स चावेल. शेवटी तिने ते कुंकवाच्या रिकाम्या डबीत घालून देव्हाऱ्याच्या वर, भिंतीला टेकवून ठेवलं. अक्कूला उभं राहता येत होतं, पण तिथवर पोचायला अजून दोन-चार वर्षं लागली असती.

मग रोज सकाळी तृप्ती विचारायची, "ते उतरवायचंय ना?" आणि रोज सोमेश्वर म्हणायचा, "आज उतरवतो." हे तो इतक्यांदा म्हणाला, की हळूहळू त्याला स्वतःलाच ते काम करून टाकल्यासारखं वाटू लागलं.

अशातच त्याचे वडील काकासाहेब गावाकडून आले. तीर्थपुरीजवळ त्यांचं शेत, आणि शेतात मका. मक्याच्या वासाने रानडुकरं येत. म्हणून काकासाहेबांनी इतरांसारखाच मळ्यात खांबावर एक भोंगा लावला होता. आत मेमरी कार्ड घातलं की तो अंधार पडायच्या आधीपासून उजाडेपर्यंत ओरडत राही. पण पाणी शिरून त्यातलं कार्ड खराब झालं होतं.

"सोम्या, एखांदं जुनं कार्ड हाय का रं?" बसस्टँडला निघताना त्यांनी विचारलं. तृप्ती आत अक्कूच्या मुठीतून चप्पलेचा बंद सोडवत होती.

"हाय की! देव्हाऱ्यावर डबीत पडेल हाय. घेऊन जा," सोमेश्वर म्हणाला, आणि वडिलांना गाडीवर बसवून सोडून आला. देव्हाऱ्यावर डबी होती तशीच होती, त्यामुळे तृप्तीला काहीच कळलं नाही.

कळलं ते सासूबाईंच्या फोनवरून.

"तृप्ती, तू जालन्यालाच हाएस नं?" उषाबाईंनी घाबऱ्या घाबऱ्या विचारलं.

"हो आत्या. का हो?"

"मंग आपल्या मळ्यातल्या भोंग्यात कोण वरडून राह्यलंय? आवाज तं बराबर तुझाच हाय. म्हणतंय, 'तोंडातून काढ! काढ म्हणते ना! थुंक आधी!'"

तृप्तीच्या हातातली वाटी खाली आली.

"आन् मधीच लेकरू खोकतंय," उषाबाई पुढे म्हणाल्या. "शेजारच्या पुंजारामनं ते काल सांजच्याला ऐकलं. त्याला वाटलं, कुण्या माउलीनं लेकरू टाकलं मक्यात. त्यानं गाव गोळा केलं. वीस-पंचवीस माणसं मक्यात शिरली, लेकराला हुडकत. डुकरांनी केली नसती इतकी नासाडी केली मेल्यांनी. मंग भोंग्यातूनच शिंक आली, तवा कुठं उजेड पडला."

फोन ठेवून तृप्ती देव्हाऱ्याकडे गेली. डबी रिकामी होती. ती डबी घेऊन नवऱ्यासमोर उभी राहिली. तिने डबी उघडून दाखवली.

"ते... उतरवलं होतं ना आपण?" सोमेश्वर म्हणाला.

"कुठं?"

सोमेश्वरने डबीत एकदा स्वतः डोकावून पाहिलं. मग म्हणाला, "शनिवारी सुट्टी हाय. सकाळीच निघू."

शनिवारी सकाळी मोटारसायकलवर मध्ये अक्कूला घेऊन ते निघाले. तृप्तीच्या डोळ्यांसमोर सगळ्या रस्ताभर एकच चित्र होतं: खांबावरचा भोंगा, त्यावर पडणारं दव, धूळ, चिमण्या, आणि आत अक्कूचं पहिलं पाऊल.

मळ्यात काकासाहेब खाटेवर बसले होते, आणि चेहऱ्यावर कधी नव्हे तो आनंद होता.

"ये पोरी, ये! अगं, काय आवाज हाय तुझा! तुझं कार्ड लावलं त्या दिसापासून एक डुक्कर फिरकलं न्हाई."

"मामा, मला ते कार्ड परत पाहिजे."

"परत?" काकासाहेबांचा आनंद मावळला. "पोरी, म्या कुत्र्याचा आवाज लावला, डुकरं आली. वाघाचा लावला, वाघाला भ्येली न्हाईत. माझा स्वतःचा लावला, तं पहिल्यापेक्षा जास्त आली."

"तुमच्या आवाजाला घरात कोण भितंय, ते डुकरं भेतील?" चहा घेऊन आलेल्या उषाबाई म्हणाल्या. "हिचा आवाज कसा, एकदम आतून येतोय. म्या तं परवा हातातली सुपारी टाकून दिली तोंडात घालता घालता."

"मामा, अक्कूचं सगळं लहानपण आहे हो त्यात," तृप्ती म्हणाली. "दुसरीकडं कुठंच नाही."

हे ऐकल्यावर काकासाहेब एकदम उठले. "आगं मंग आधी सांगायचं! सोम्या, तू तं म्हणला जुनं हाय, पडेल हाय." त्यांनी स्वतः खांबावरून भोंगा उतरवला, धोतराच्या सोग्याने कार्ड पुसलं आणि सुनेच्या तळहातावर ठेवलं. तृप्तीने मूठ मिटली. तिथेच हे प्रकरण संपायला हरकत नव्हती.

पण सोमेश्वरला भरपाई करायची होती.

"आण इकडं. आत्ताच तुझ्यासमोर फोनमधी घालून बघतो, समदं बराबर हाय का. उगं शंका नको."

"नको. घरी गेल्यावर बघू."

"अगं, दोन मिनिटांचं काम. पिन दे."

तिने फोन, कार्ड आणि पिन त्याच्या हातात दिली, आणि तेवढ्यात अक्कूने ढेकळ उचललं. तृप्ती धावली. "तोंडातून काढ! काढ म्हणते ना!" असं खुद्द तिच्या तोंडून ऐकून बांधावरच्या दोन शेळ्या उठून लांब गेल्या. मागून सोमेश्वरचा आवाज आला,

"तृप्ती, फोन काहीतरी विचारून राह्यलाय."

"काय विचारतोय?"

"कार्ड खराब दिसतंय म्हणतोय. दुरुस्त करू का म्हणतोय. फॉरमॅट."

"थांबा! हात लावू न—"

"म्या हो म्हणलं."

तृप्ती मागे वळली. सोमेश्वर फोनकडे बघत होता. मग त्याने अगदी हळू आवाजात सांगितलं, "आता लई जागा दाखवून राह्यलाय."

तृप्ती अक्कूला मांडीवर घेऊन बांधावर बसली. अक्कूच्या ओठांना लागलेली माती पुसायचीसुद्धा ती विसरली, यावरून प्रसंग किती गंभीर होता हे उषाबाईंना कळलं. त्यांनी मुलाकडे बघून फक्त "शिकेल हाय म्हणे," एवढंच म्हटलं. काकासाहेब रिकाम्या भोंग्यात फुंकर मारून बघत होते, आत काही उरलं असलं तर म्हणून.

ऊन उतरलं. निघायची वेळ झाली तरी तृप्ती उठेना. आणि तेवढ्यात ओढ्याच्या पलीकडून, पुंजारामच्या मक्यातून, सणसणीत आवाज आला:

"तोंडातून काढ! काढ म्हणते ना! थुंक आधी!"

त्यामागोमाग कोरडा खोकला. मग शिंक.

तृप्तीने अक्कूला सासूच्या कडेवर दिलं आणि ओढ्यातून चपलांसकट पळत पलीकडे गेली. पुंजाराम भोंग्याचं तोंड नीट करत होता. तिला बघून तो चपापला.

"सूनबाई, रागावू नका. काकासाहेबाकडून एक दिस कार्ड नेलतं. तीर्थपुरीच्या मोबाइलवाल्याकडून उतरवून घेतलं."

"काय काय उतरवलं?"

"समदं."

"फोटोसुद्धा?"

"समदं म्हणजे समदं. मोबाइलवाला म्हणे, फोटोंचा आवाज थोडाच येतोय? म्या म्हणलं, बाबा, डुकरं नेमकी कशाला भ्येली ते तुला तरी ठाऊक हाय का? उगं काही गाळायला जाशील आन् तेच्यातच गुण असायचा. जसंच्या तसं भर." मग त्याने चाचरत भर घातली, "रामराव आन् सर्जेरावनी बी माझ्याकडून नेलं."

ओढ्याच्या खालच्या अंगाला दुसऱ्या एका शेतातून अक्कू शिंकली. त्याही पलीकडून तृप्तीच कुणालातरी थुंकायला सांगत होती. साऱ्या शिवारात अक्कूचं पहिलं वर्ष सुखरूप होतं. तृप्ती तिथेच उभी राहून हसली, आणि मग पदराने डोळे पुसले.

त्यानंतर तिने नवऱ्याला 'उतरवून द्या' असं म्हणणं सोडलं. कार्ड भरलं की ती काकासाहेबांकडे पाठवायची. डुकरांनाही एकाच आवाजाची सवय होते, त्यामुळे नव्या मालाची वाट सगळेच बघत. ते कार्ड गावात पोचलं की आठवड्याच्या आत अक्कूचे ताजे फोटो चार शेतांत जपले जायचे, आणि मूळ कार्ड जालन्याला परत यायचं.

पुढच्या मक्याच्या वेळी काकासाहेबांचा फोन आला. आवाज जरा पडलेला होता.

"पोरी, अक्कू आता काही तोंडात घालत न्हाई का गं?"

"नाही मामा. शहाणी झालीय. सांगितलेलं ऐकते."

"तेच म्हणलं," काकासाहेब खिन्नपणे म्हणाले. "ह्या कार्डात तू लई गोड बोलून राह्यली. 'माझी सोनुली, ये गं, एक घास खा गं.' तू बोलावतीस आन् डुकरं येतेत."

तेवढ्यात आतल्या खोलीतून सोमेश्वरचा आवाज आला. तो कधी नव्हे ते लॅपटॉपला तिचं कार्ड जोडून बसला होता.

"तृप्ती, हे काहीतरी विचारून राह्यलंय. हो म्हणू का?"

"मामा, काळजी करू नका," तृप्ती म्हणाली. तिने फोन कापला, शांतपणे रेकॉर्डर चालू केला, आणि मग तोंड उघडलं.